बिनकेसाचा बोका आणि आईचा पंप

केस नसलेलं मांजर पाळायचं मनात असेल तर आधी मांजर बघू नका, आधी तुमची गल्ली बघा. मांजर कसंही निभावून नेतं. गल्लीचं सांगता येत नाही.

हे मी अनुभवानं सांगते. हल्ली लोक मोबाइलवर फोटो बघतात, जाती पाठ करतात आणि ओळखीतून ओळख काढून मला फोन करतात. तुमच्याकडे म्हणे तसलं मांजर होतं, आम्हीही घेतोय, आधी काय काय माहीत असावं? मी विचारते, वेळ आहे का? हो म्हणाले की खुर्ची ओढून बसते. जिनं शाळेत वर्षानुवर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं बसवली, त्या बाईला असा प्रश्न विचारणाऱ्यानं परिणामांची तयारी ठेवावी.

आमचा बोका आला तेव्हा आमच्या पेठेत तरी असलं मांजर कुणी पाहिलेलं नव्हतं. दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. गल्लीत मोबाइल आले होते, पण मिस्ड कॉल देण्यापुरते. इंटरनेट बघायचं तर सायबर कॅफेतल्या प्लायवुडच्या खोक्यात जाऊन बसावं लागे, आणि बाहेर पडताना ओळखीचं कुणी दिसलं की उगीच चोरी केल्यासारखं वाटे. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. वडील लवकर गेले, धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हे वेगळं पुस्तक आहे आणि ते यापेक्षा विनोदी आहे.

आई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, माहेर कुरुंदवाडचं. तिथं घरात माणसांपेक्षा मांजरं जास्त होती आणि मान त्यांनाच जास्त होता, असं ती अभिमानानं सांगे. मांडी ही देवानं मांजरासाठी केली, मुलं नंतर मधे घुसली, असा तिचा सिद्धांत होता. आमच्या लहानपणी तिच्या मांडीवर जागा मिळवायला मला आणि भावाला मांजर उठायची वाट बघावी लागे.

मग नव्वदच्या दशकात तिला दमा लागला. थोडा खडूच्या धुळीचा, थोडा आजोळकडून आलेला, आणि पुष्कळसा मांजराचा. आमच्या घरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, बाई, मांजर ठेवा नाही तर श्वास ठेवा. आईनं शेवटची मांजरी कापडी पिशवीत घालून एसटीनं कुरुंदवाडला मामाकडे नेऊन सोडली. परत येताना मी सोबत होते. रिकामी पिशवी तिनं चौकोनी घडी घालून मांडीवर ठेवली होती आणि कोल्हापूर येईपर्यंत त्यावर हात फिरवत होती. रडली नाही. पण त्यानंतर आमच्याकडे बांगडा झाला की ती माशाचं डोकं न खाता ताटाच्या कडेला काढून ठेवायची. जेवण झालं की त्याच्याकडे बघायची आणि मग उठायची. बारा-तेरा वर्षं मी ते डोकं उचलून टाकत होते.

आता भाऊ. त्याचा परदेशी साहेब कायमचा मायदेशी निघाला होता आणि त्याच्याकडे एक मांजर होतं. भावानं मला शाळेत फोन केला. म्हणाला, ताई, ह्याला केसच नाहीत. एक केस नाही. मग आईला दमा कसला होतोय?

पुढे सांगण्यासारखं पहिलं शहाणपण इथंच आहे. हा प्रश्न ज्याच्या डोक्यात येतो त्यानं तो डॉक्टरांना मांजर आणण्याआधी विचारावा. आम्ही आणल्यानंतर विचारला.

गुढीपाडव्याच्या सकाळी भावाची गाडी दारात आली. मागच्या सीटवर वेताची पेटी, पेटीत निळा स्वेटर, आणि स्वेटरातून बाहेर आलेलं एक तोंड. कान म्हणजे उभे केलेले दोन द्रोण. डोळे लिंबाएवढे. मिशा जवळपास नाहीतच. अंग सोललेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं, आणि मानेपासून शेपटीपर्यंत अशा सुरकुत्या की देव त्याला करून इस्त्रीला टाकायला विसरला. हात लावला तर गरम. तव्यावरची भाकरी फडक्यात गुंडाळून हातात दिल्यासारखा गरम.

आई गुढीला नैवेद्य दाखवत होती. मागे वळून तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "काय ध्यान आहे."

मग ती पाटावर बसली. बोका पेटीतून उतरला, घर बघायचं सोडून सरळ तिच्याकडे गेला, मांडीवर चढला आणि पदराखाली शिरला. आईनं दोन्ही हात हवेत धरले होते. ठेवू की नको, असे. मग ठेवले. मी भावाकडे बघितलं, तो गाडीची चावी शोधायला बाहेर गेला होता. चावी त्याच्या हातातच होती.

त्याच संध्याकाळी आम्ही आईला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भावाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, दमा केसांनी होत नाही. मांजराच्या थुंकीत आणि कातडीच्या कोंड्यात जे असतं त्यानं होतो. केस ते फक्त घरभर वाहून नेतात. हमाल नाहीत म्हणून माल येणार नाही असं समजू नका. आईचं तोंड इतकं उतरलं की त्यांनाच दया आली असावी. काही लोकांना असं मांजर चालतं, काहींना नाही, बघितल्याशिवाय कळत नाही, असं म्हणून त्यांनी एक महिन्याची परीक्षा ठरवली. पाडव्याला सुरू, अक्षय्यतृतीयेला निकाल. अटी तीन. बोका अंथरुणात घ्यायचा नाही. त्याला आठवड्याला अंघोळ. आणि आईनं इतकी वर्षं टाळलेला दम्याचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, न चुकता. छातीत शिट्टी वाजली तर बोका परत.

आईनं शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान हलवली. घरी येऊन म्हणाली, महिनाभर नाव ठेवायचं नाही. राहिला तर बारसं करू. तोवर ध्यान.

आता गल्लीबद्दल. दुसऱ्या दिवशी दूधवाला दारात थांबला, बोक्याकडे बघून टोपी सरळ केली आणि विचारलं, "पावणं कुठलं?" मी बंगळूरचे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, तिकडं पाणी बदललं की असं व्हतंय. समोरच्या काकूंनी खरजेचं निदान केलं आणि करंजाचं तेल आणून दिलं. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं बोका निरखून बघितला आणि काम स्वच्छ झालंय, पण आपल्या दुकानातलं नाही, असा निर्वाळा दिला. तालमीतली पोरं जाता-येता खिडकीशी येऊन त्याला शड्डू ठोकून दाखवत. कुणी निंबाचा पाला आणला, कुणी गंधकाची पूड. या सगळ्यांना रोज सांगावं लागे, तो आजारी नाही, तो असाच आहे. त्यावर सगळ्यांचं एकच उत्तर असे: पोराच्या आईला असंच वाटतंय.

आणि ध्यान? ध्यानाला हे सगळं पसंत होतं. केस नसलेलं मांजर एकटं राहत नाही, हेही लिहून ठेवा. त्याला माणूस लागतं. बसायला, बघायला आणि ऊब घ्यायला. माणूस नसेल तर तो आमच्या टीव्हीवर बसे, जुना डब्यासारखा टीव्ही, वरून छान तापायचा. संध्याकाळच्या मालिकेत नायिकेच्या तोंडावर त्याची शेपटी लोंबत असे आणि ती बाजूला केली की तो दुखावल्यासारखा बघे. खायला किती लागे विचारू नका. अंगावर पांघरूण नाही, म्हणून आतली भट्टी सतत पेटती ठेवायची. तो आला आणि गगनबावड्याचा घाट चढून येणारी मासळी आमच्या घरी आठवड्यातून तीनदा यायला लागली. ताटाच्या कडेला काढून ठेवलेलं डोकं मला उचलावं लागेनासं झालं.

अंघोळीचा प्रश्न मात्र सुटेना. पहिल्या रविवारी मी प्रयत्न केला. त्याचं वर्णन करत नाही, माझ्या डाव्या हातावर अजून आहे. मग आईला मावशी आठवल्या.

मावशी म्हणजे आमच्या भागातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घालणाऱ्या. मला त्यांनीच घातलं होतं, भावालाही. गल्लीतला एकही माणूस असा नव्हता ज्याला त्यांनी उघडा बघितलेला नाही, त्यामुळे त्यांच्यापुढे नगरसेवकही फार बोलत नसत. त्या आल्या. मी भीतभीत बोका पुढे केला. त्यांनी चष्मा वर केला.

"ह्येला न्हाऊ घालायचं व्हय? मग तोंड कशाला एवढं वाईट करताय? नुकतं झाल्यालं पोर बी असंच दिसतंय की."

त्या न्हाणीत पाटावर बसल्या, दोन्ही पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि बोक्याला नडग्यांवर पालथा घातला. शपथेवर सांगते, तो हलला नाही. ऊन पाणी पडलं तसे त्याचे डोळे मिटले. मावशींनी सुरकुती न् सुरकुती उकलून धुतली, बोटाला फडकं गुंडाळून कानातला तपकिरी मळ काढला, तो केस नसलेल्या मांजराच्या कानात फार साठतो, नखांच्या बेचक्या साफ केल्या. मग अंग पुसून त्यांनी पोराचं करायचं ते सगळं केलं. खोबरेल चोळलं, शेगडीवर ओवा-बाळंतशेप टाकून धुरी दिली, आणि गालावर काजळाची तीट लावली. आई शेजारी पंचा धरून उभी होती. धुरीत खोकली. मावशीही खोकल्या, मीही खोकले.

आम्ही केलेल्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी. या मांजराची कातडी आधीच तेल सोडते. ते टिपून घ्यायला केस नाहीत, म्हणून तर अंघोळ घालायची. आम्ही तेल काढून वर तेल चोळलं होतं. तीन दिवसांत माझ्या पांढऱ्या चादरीवर, सोफ्यावर आणि आईच्या उशीवर झोपलेल्या बोक्याचे तपकिरी नकाशे उमटले. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. अशात जोतिबाची यात्रा आली. शेजारचे डोंगरावरून गुलालात न्हाऊन परतले आणि ध्यान प्रेमानं प्रत्येकाच्या पायाला अंग घासून आला. तेलकट कातडीवर गुलाल काय बसतो म्हणता. आठ दिवस आमचा बोका गुलाबी होता. त्याला बघायला पलीकडच्या पेठेतून माणसं आली.

सायबर कॅफेत जाऊन मी इंग्रजी कागद छापून आणले आणि मावशींना वाचून दाखवले. तेल नको, धूर नको, दुपारचं ऊन नको, कारण कातडी भाजते. लहान मुलांचा साबण आणि कोमट पाणी, बस्स. मावशींना राग आला. कागदानं किती पोरं न्हाऊ घातलीत, असं विचारलं. पण पुटकुळ्या त्यांनीही बघितल्या होत्या. पुढच्या रविवारी तेलाची वाटी न आणता आल्या आणि म्हणाल्या, काजळाबद्दल कागदात काय हाय? कागद काजळाबद्दल गप्प होता. तीट राहिली.

पण मला सांगायचंय ते उशीवरच्या नकाशाबद्दल. तो नकाशा आईच्या उशीवर होता. बोका अंथरुणात घ्यायचा नाही, ही पहिली अट. मी विचारलं, तर ती म्हणाली, दुपारी चुकून आला असेल. मी विश्वास ठेवला. चादरीवरचा डाग हुशारीनं वाचणारी मी, उशीवरचा वाचला नाही.

कारण तो चैत्र होता. चैत्रात कोल्हापुरात काय होतं? वर्षाची चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, होते. घराघरांत कढया चढतात, मिरच्या भाजतात, कांडपाच्या गिरणीपुढे डबे रांगेत लागतात आणि अख्खी गल्ली खोकते. पोस्टमन खोकत येतो, शिंकत जातो. त्या महिन्यात कोल्हापुरात खोकणाऱ्याला कुणी तब्येत विचारत नाही, चटणीत लसूण किती घातला ते विचारतात. आई खोकली की मी मिरचीला दोष देई. इतकंच नव्हे, त्या वर्षी आईनं समोरच्या काकूंची चटणी भाजून दिली, पलीकडच्यांची दिली, सलूनवाल्याच्या बायकोचीही दिली. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलेली बाई! मी रागावले, तर म्हणाली, शेजारधर्म आहे. मी वर कौतुक केलं, की बोका आल्यापासून आई कशी माणसांत यायला लागली.

पंपाचंही तसंच. ती रोज सकाळी माझ्यासमोर पंप हातात घेई, खळखळ हलवी, तोंड उघडी, फुस्स आवाज येई, डोळे मिटून क्षणभर थांबे. नियमित. मी शाळेत जाई.

मावशींच्या अंघोळीचा चौथा रविवार. अक्षय्यतृतीया मंगळवारी होती, म्हणजे दोनच दिवस राहिले होते. मी स्वयंपाकघरात होते, न्हाणीत मावशींच्या नडग्यांवर बोका, आणि आई वाकून तांब्यानं पाणी घालत होती. एकाएकी मावशी बोलायच्या थांबल्या. त्या बोलायच्या थांबल्या म्हणजे काहीतरी झालंच, म्हणून मी दाराशी गेले. मावशींनी ओला हात आईच्या पाठीवर ठेवला होता आणि मान तिरपी करून ऐकत होत्या, तान्ह्या पोराची छाती ऐकतात तशा.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्यो चटणीचा खोकला न्हाय. चटणीचा श्वास आत घेताना टोचतोय. तुझा भाईर पडताना शिट्टी वाजवतोय."

आईनं तांब्या खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "मंगळवारपर्यंत गप्प बस. तुझ्या पाया पडते."

"मंगळवारी डॉक्टरला काय ऐकवणार हायस? मांजराची छाती?"

मग सगळं बाहेर आलं. बोका पहिल्या दिवसापासून आईच्या छातीवर झोपत होता. चटण्या तिनं आपला खोकला लपावा म्हणून भाजल्या होत्या. आणि पंप ती तोंडात घेतच नव्हती. तोंड उघडून गालाच्या बाजूनं हवेत सोडत होती. एकदा पंपाची सवय लागली की सुटत नाही, असं तिच्या शाळेतल्या कुणा बाईनं तिला सांगितलं होतं, आणि आई डॉक्टरांपेक्षा त्या बाईंना मानत होती. चौदा वर्षं मी मुलांकडून अभिनय करून घेतला, तोंड प्रेक्षकांकडे, हात खाली म्हणून ओरडले, आणि माझ्या घरात रोज सकाळी साडेसहाला प्रयोग होत होता तो मला कळला नाही. राग आलाच. पण खरं सांगते, रागात थोडी दादही होती.

मी भावाला फोन लावला आणि मंगळवारी येऊन बोका घेऊन जा म्हणाले. आई कपाटाकडे गेली आणि एक कापडी पिशवी काढली. तीच, कुरुंदवाडची. निळ्या स्वेटरची घडी घालून तिनं पिशवीत ठेवली. बोका ओल्या अंगानं, पंच्यात गुंडाळलेला, मावशींच्या कडेवरून हे बघत होता.

मावशींना मात्र हे मुळीच पटलं नाही. त्यांनी पंच्यासकट बोका माझ्या हातात दिला आणि आईपुढे उभ्या राहिल्या.

"मला एक सांग बाई. महिनाभर ह्या घरात मी न्हाऊ कुणाला घातलं? ह्येला. औषध कुणाला पायजे? तुला. ह्यो बिचारा दर ऐतवारी गुमान न्हातोय. तुला दोन फुसक्या घ्यायला काय होतंय?"

आईनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरांनी इतकी वर्षं विनवण्या केल्या, त्यांच्यासाठी घेतला नाही. आता मांजरासाठी घेतला तर लाज वाटते गं."

मावशी म्हणाल्या, "लाज वाटली तर वाटू दे. शिट्टी वाजण्यापरास बरी."

मी बोक्याला पुसत होते, खाली मान घालून. मला अपमान वाटायला हवा होता. वाटला नाही. बांगड्याची ती बारा-तेरा वर्षांची डोकी मीच उचलली होती, मला तिची भूक ठाऊक होती.

सोमवारी आम्ही डॉक्टरांपुढे गेलो. आईनं सगळं स्वतः सांगितलं, शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यापुढे मुख्याध्यापिका बोलते तशी, उभी राहून. डॉक्टरांनी छाती ऐकली, शिट्टी ऐकली, आणि चिडले. म्हणाले, बाई, तुम्ही परीक्षेलाच बसला नाहीत, मग मी नापास तरी कसं करू? पंप घेऊन बघायचा आणि मग मांजर चालतं की नाही ठरवायचं, असं होतं. पुन्हा एक महिना दिला, पण या वेळी शिट्टी वाढली तर त्याच दिवशी बोका बाहेर, महिन्याची वाट बघायची नाही. पंपाची सवय लागते म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी भेटायला बोलावलं, त्या काही गेल्या नाहीत. आणि साक्षीदाराशिवाय पंप घ्यायचा नाही, असं बजावलं. श्वास आत ओढून मनात दहा मोजेपर्यंत धरायचा, मग सोडायचा.

सकाळी साक्षीला मी होते, पण माझी पत गेली होती; संध्याकाळसाठी भरवशाचं माणूस हवं होतं. मावशींनी ते काम अंगावर घेतलं. आठवड्यातून दोनदा बोक्याची अंघोळ, आणि रोज संध्याकाळी सहाला कामं आटपून घरी जाताना आमच्या कट्ट्यावर हजेरी. आई पंप घेऊन कट्ट्यावर येई. पहिल्या दिवशी पदर आड करून घेतला. मावशी मोठ्यानं मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. समोरच्या काकू भांडी घासत होत्या, त्यांनी चार म्हटलं. दुसऱ्या दिवशी सलूनवाला गिऱ्हाइकाला तसाच फेस लावून ठेवून बाहेर आला. आठवड्यात हे असं झालं की सहा वाजले की गल्लीत माणसं थांबत. आई पंप ओढी, डोळे वटारून श्वास धरी, आणि तालमीतली पोरं कुस्तीच्या फडात ओरडावं तसं ओरडत: "धरा बाई, सोडू नका! सात! आठ!" दहा म्हटलं की आई श्वास सोडी आणि टाळ्या पडत. चाळीस वर्षं दुसऱ्यांना पाढे म्हणायला लावलेली बाई, तिच्यासाठी आता गल्ली पाढा म्हणत होती. तिसऱ्या आठवड्यात तिनं पदर आड करणं सोडलं. चौथ्या आठवड्यात एकदा तिनं बारापर्यंत धरला, आणि शेवटचे दोन आकडे आले तेव्हा गर्दीकडे बघितलं. प्रयोग कसा रंगवायचा हे माझ्याकडे कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

घरात मी सक्तीनं कायदे बदलले. आईची खोली बोक्याला बंद. पहिल्या रात्री तो दाराबाहेर रडला, आई दाराआत, आणि मी मधे नाइलाजानं हसत. मग मी त्याला टीव्हीवर गादी शिवून दिली. चादरी-उश्या दर दोन दिवसांनी गरम पाण्यात. बोक्याचं अंग रोज ओल्या फडक्यानं पुसायचं. आईची मांडी संध्याकाळी अर्धा तास, वर धुतलेला पंचा टाकून, नंतर हात-तोंड धुवायचं. चटणी आमची आम्ही गिरणीतून विकत आणली आणि शेजारधर्म मी दुसऱ्या मार्गानं पाळला. एवढं सगळं करावं लागतं. केस झाडायचा त्रास नाही म्हणून जे कोणी असलं मांजर घेतात, त्यांना मी इथं थांबून श्वास घ्यायला सांगते.

महिना संपला तेव्हा शाळा उघडायला आठवडा होता. डॉक्टरांनी आईच्या छातीला, पाठीला, पुन्हा छातीला नळी लावली. आम्ही तिघं समोर बसलो होतो, मी, सुटी काढून आलेला भाऊ आणि मावशी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आज तरी वाजत नाही. पंप चालू राहील, दर महिन्याला दाखवायचं, बिघडलं तर आपला शब्द लक्षात ठेवायचा. मांजर राहू दे. आईनं त्यांचे आभार मानले नाहीत. तिला बोलता येत नव्हतं. या वेळी कारण दमा नव्हतं.

बारसं रविवारी केलं. पाळणा काकूंनी दिला, माळ्यावर नातवंडांची वाट बघत पडलेला. मावशींनी ध्यानाला न्हाऊ घातलं, तीट लावली, निळा स्वेटर चढवला. बोका भावानं आणलेला, म्हणून आत्या मी. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मी द्रोणाएवढ्या कानाशी वाकले आणि नाव सांगितलं. काय सांगितलं ते विचारू नका, ते घरातलं आहे. मग रिवाजाप्रमाणे मोठ्यानं कुर्रर्र केलं. त्याबरोबर ध्यान पाळण्यातून उडाला तो थेट घुगऱ्यांच्या परातीत, तिथून काकूंच्या खांद्यावर आणि तिथून टीव्हीवर. काकू किंचाळल्या. आई हसायला लागली. मांडीवर हात मारत, डोळ्यांतून पाणी काढत, जशी ती नव्वद सालाच्या आधी हसायची तशी हसायला लागली.

आणि सगळं घर एकदम गप्प झालं. कारण आईचं हसणं नेहमी खोकल्यात संपायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. काकूंनी तोंडावर हात ठेवला. भाऊ पंपाकडे धावला. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मान तिरपी केली. आईनं हसता हसता एक मोठा श्वास आत घेतला, आणि सोडला. आम्ही ऐकत होतो. टीव्हीवरून ध्यानही, दोन्ही द्रोण पुढे करून.

मावशींनी हात काढला.

"काय न्हाय," त्या म्हणाल्या. "वाढा जेवायला."